एकच जेली राहिली!

गेल्या अंकात मी शब्दकोड्यांवर लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, तुमच्या घरी हल्ली कोण काय खेळतं? पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप आले ते बहुतेक सगळे एकाच जातीच्या खेळाबद्दल. चौकटींचा पट, त्यात रंगीबेरंगी गोळ्या. शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करायची. एका रंगाच्या तीन गोळ्या ओळीत आल्या की फुटतात, वरच्या खाली घसरतात आणि रिकाम्या जागी वरून नव्या पडतात. असा एकेक पट म्हणजे एक लेव्हल. ती ठरलेल्या चालींत, म्हणजे मूव्हमध्ये, पुरी करायची. काही लेव्हलमध्ये गोळ्यांखाली घरांवर जेलीचा थर असतो, त्या घरातली गोळी फुटली की तो निघतो. या जातीतलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे कँडी क्रश, त्यामुळे उदाहरणं मी त्यातलीच घेते आहे.

मी इंदूरच्या शाळेत गणित शिकवलं आणि हा खेळ मी रोज खेळते, आवडीनं खेळते. ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं, कारण त्या पटात बघण्यासारखं फार आहे आणि लोक न बघताच बोट फिरवतात. पत्रं थोडी आटोपती केली आहेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझी एक लेव्हल महिनाभर अडून बसली आहे. सगळा पट साफ होतो, पण तळाच्या दोन कोपऱ्यांत जेली उरते आणि मूव्ह संपतात. मुलगा म्हणतो, ‘आई, हा नशिबाचा खेळ, डोकं लावून काय मिळणार?’ खरंच का हो? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे. वरून कोणत्या रंगाची गोळी पडेल ते तुमच्या हातात नाही. पण जे पटावर आधीच पडलेलं आहे ते सगळं उघडं आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. डोकं लावायचं ते तिथे.

एक वही घ्या आणि नऊ बाय नऊ घरं आखा. आता अगदी मधल्या घरावर बोट ठेवा आणि मोजा : या घराला धरून तीन घरांच्या किती ओळी होतात? आडव्या तीन, उभ्या तीन, एकूण सहा. आता बोट काठाच्या मधोमध असलेल्या घरावर न्या. काठाला धरून तीन आणि आत जाणारी एक, म्हणजे चार. आता कोपरा. एक आडवी, एक उभी. बस्स, दोनच. म्हणजे मधल्या घरातली जेली फोडायचे रस्ते सहा आणि कोपऱ्यातली फोडायचे दोन. मधलं आधी साफ करून कोपरा शेवटाला ठेवला, तर सगळ्यात अवघड काम सगळ्यात कमी मूव्ह हातात असताना करावं लागतं. तुमच्या पटाचं नेमकं हेच होतं आहे. पहिल्या मूव्हपासून कोपरे धरा. मधलं आपसूक फुटत राहतं.

दुसरं, लेव्हल उघडली की रंग मोजा. कुठे चार असतात, कुठे पाच, कुठे सहा. हे कुणी मोजत नाही आणि अवघडपणा बराचसा त्यावरच ठरतो. कुठलीही तीन घरं घेतली तर ती आपोआप एका रंगाची निघण्याची शक्यता सहा रंगांत ३६ मध्ये १, पाच रंगांत २५ मध्ये १ आणि चार रंगांत १६ मध्ये १. नऊ बाय नऊच्या भरल्या पटावर तीन-तीनच्या ओळी होतात १२६. म्हणजे गोळ्या नुसत्या ओतल्या तर सहा रंगांत सरासरी साडेतीन ओळी आपोआप जुळतील, चार रंगांत जवळजवळ आठ. चार रंगांच्या पटावर एक मूव्ह केली की पाठोपाठ चारदा फुटाफूट होते ती यामुळे. तिथे बिनधास्त खेळा. सहा रंगांच्या पटावर मात्र आपोआप काही होण्याची वाट पाहू नका, प्रत्येक मूव्ह विचारून करा.

तिसरं, वरून खेळायचं की खालून? ‘नेहमी खालून खेळा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो पुरता नाही. उतरंडीतलं खालचं मडकं काढलं की वरची सगळी हलतात, तसं तळाशी फोडलं की वरच्या रांगाच्या रांगा सरकतात आणि नव्या जोड्या लागण्याची संधी वाढते. पण तुम्ही मनात चार गोळ्यांचा काही बेत जुळवत आणला असेल तर त्याच सरकण्यात तो मोडतो. म्हणून पटावर काहीच धड दिसत नसेल तेव्हा खालून खेळा. बेत जुळलेला असेल तेव्हा तो पुरा होईपर्यंत त्याच्या खाली हात लावू नका, वरच्या बाजूला खेळा.

आणि चार गोळ्यांची ओळ लागली की जी पट्ट्यांची गोळी मिळते, तिचे पट्टे तुम्ही बोट ज्या दिशेला सरकवलं त्या दिशेचे पडतात. आडवं सरकवलं तर आडवे, उभं सरकवलं तर उभे. आडवे पट्टे पूर्ण आडवी रांग साफ करतात. तळाच्या रांगेत अशी एक आडव्या पट्ट्यांची गोळी आणून फोडली तर तुमचे दोन्ही कोपरे एका फटक्यात निघतात. तीच शोधा.

थोडा वेळ काही केलं नाही की खेळ स्वतःच गोळ्या हलवून दाखवतो. ती फक्त एक शक्य मूव्ह असते, चांगली असेलच असं नाही. ते हलणं दिसलं की आपलं बोट लगेच तिकडे जातं. नऊ बाय नऊच्या पटावर शेजारशेजारच्या गोळ्यांच्या १४४ अदलाबदली करून बघता येतात. त्यातली खेळानं सुचवलेली एकच घ्यायची सक्ती कुणी केलेली नाही.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे. निळी आणि जांभळी गोळी त्यांना सारखीच दिसते, आणि मूव्ह चुकली की चिडतात. माझ्या दहा वर्षांच्या मुलाचा गोंधळ हिरवी आणि नारिंगी गोळीत होतो. हे आमच्या घरातच आहे का काही? (राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : दोघांचा गोंधळ एक नाही, म्हणून दोघांना वेगवेगळं उत्तर.

आजोबांचं आधी. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. मग निळं मळकट दिसतं आणि जांभळ्यातला निळा अंशही कमी होतो. मोतीबिंदू असेल तर जास्तच. त्यांची तपासणी लवकर करून घ्या. शस्त्रक्रियेनंतर निळा रंग एकदम लख्ख दिसायला लागला असं सांगणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या माहितीत असतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली होती. मोतीबिंदूच्या काळातल्या त्यांच्या चित्रांत तांबूस-पिवळे रंग किती दाटले आहेत ते चित्रं बघणाऱ्याला कळतं.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत एक करून बघा. आजोबांच्या फोनवर रात्रीसाठी पडदा पिवळसर करणारी सोय चालू आहे का? ती निळा प्रकाशच कमी करते. डोळ्यातलं भिंग पिवळं, त्यावर पडदाही पिवळा, मग निळं दिसणार कुठून? खेळताना ती बंद ठेवा. आणि त्यांना सांगा, रंगावर जाऊ नका, आकार बघा. कँडी क्रशमधली निळी गोळी गुळगुळीत गोल असते, जांभळी म्हणजे फुगीर गोळ्यांचा झुबका असतो. लाल शेंगदाण्यासारखी लांबट, पिवळी लिंबाच्या थेंबासारखी, हिरवी चौकोनी. प्रत्येक रंगाला वेगळा आकार देणाऱ्यानं ही सोय डोळ्यांचा विचार करूनच केलेली असणार, आणि ती फार चांगली आहे.

नातवाचं वेगळं. हिरवा-नारिंगी, हिरवा-लाल हा गोंधळ बहुधा जन्मजात असतो आणि मुलांमध्ये मुलींपेक्षा खूप जास्त आढळतो. कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. मुलाकडे एक्स एकच, तो आईकडून आलेला. मुलीकडे दोन, त्यामुळे एकात दोष असला तरी दुसरा सांभाळून घेतो. नेत्रतज्ज्ञांकडे ठिपक्यांच्या चकत्यांची तपासणी असते. ठिपक्यांमधून आकडा ओळखायचा. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही तीच वापरतात. काही मिनिटांचं काम आहे. मुलाला यात आजारपण काही नाही. पण शाळेत नकाशे रंगवताना बाई ओरडतात का, ते त्याला जवळ घेऊन विचारा. वर्गात मी अशी मुलं पाहिली आहेत. ती ‘लक्ष देत नाहीत’ म्हणून बोलणी खातात आणि गप्प बसतात.

प्रश्न : मॅडम, मी देवी अहिल्या विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकतो. हा खेळ ‘गणितानं अवघड ठरवलेला’ आहे असं सर म्हणाले. घरी सांगितलं तर सगळे हसले. (भंवरकुआँ, इंदूर)

उत्तर : घरच्यांना हा अंक दाखव. २०१४ मध्ये दोन स्वतंत्र लेखांत हे सिद्ध झालं. एक ऑस्ट्रेलियातले टोबी वॉल्श यांचा, दुसरा इटलीतल्या गुआला, लेउची आणि नाताले या तिघांचा. प्रश्न असा मांडला : पट दिलेला आहे, मूव्हची संख्या ठरलेली आहे, तर अमुक गुण मिळवता येतील का? उत्तर आलं की हा प्रश्न एनपी-हार्ड आहे.

तुला ते शिकवलं असेल, घरच्यांसाठी लिहिते. प्रत्येक मूव्हला दहा पर्याय आणि वीस मूव्ह असतील, तर एकावर वीस शून्यं इतके डाव संभवतात. पण नुसता आकडा मोठा म्हणून प्रश्न अवघड ठरत नाही. मोठ्या आकड्यातूनही झटकन उत्तर काढणाऱ्या युक्त्या पुष्कळ प्रश्नांना सापडल्या आहेत. या संशोधकांनी दाखवलं ते याच्या पुढचं. गोळ्या विशिष्ट तऱ्हेनं मांडून पटावरच तर्काची यंत्रणा उभी करता येते. इथली गोळी फुटली तर ‘हो’, नाही फुटली तर ‘नाही’, आणि हा निरोप घसरणाऱ्या गोळ्यांतून पुढे पोचतो. म्हणजे तर्कशास्त्रातला एक प्रसिद्ध अवघड प्रश्न गोळ्यांच्या भाषेत लिहिता येतो. गोळ्यांचा प्रश्न सर्व पटांसाठी झटपट सोडवणारी रीत कुणाला सापडली, तर वेळापत्रकं बसवण्यापासून कितीतरी अडलेले प्रश्न त्याच रीतीनं सुटतील. आजवर सापडलेली नाही.

दोन गोष्टी मात्र नीट सांग, नाहीतर सर कान धरतील. सिद्धता कितीही मोठ्या पटाला लागू आहे, आपल्या फोनवरच्या नऊ बाय नऊपुरती नाही. आणि त्यात वरून काय पडणार ते आधीच ठाऊक आहे असं धरलं आहे. सगळं दिसत असतानाही इतकं अवघड! शाळेत मी शक्यतेचा धडा फासे आणि पत्ते घेऊन शिकवायचे. आज शिकवायला उभी राहिले तर हा पटच फळ्यावर काढीन. मुलांच्या खिशात असलेलं गणित पुस्तकात आणायला आपण इतका उशीर का करतो, कळत नाही.

प्रश्न : रोज खेळल्यानं विस्मरण टळतं का? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : असं खात्रीनं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत ‘मेंदूचे व्यायाम’ विकणाऱ्या लुमॉसिटीवर तिथल्या व्यापार आयोगानं पुराव्याशिवाय असेच दावे केल्याचा ठपका ठेवला आणि २०१६ मध्ये कंपनीनं २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. खेळून तुम्ही खेळात तरबेज होता, एवढं पक्कं. आनंद मिळत असेल तर तेवढ्यासाठी खेळा. चालायला मात्र जाच.

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलानं माझ्या फोनवर एका गेममध्ये जादा मूव्ह विकत घेतल्या. बँकेचे मेसेज आले तेव्हा कळलं. त्याला मारलं, आता मलाच रडू येतं. पैसे परत मिळतील का? आणि अशा गेमवर सरकारनं बंदी आणली ना? (विजयनगर, इंदूर)

उत्तर : आधी मुलाला जवळ घ्या. त्यानं चोरी केली नाही. मूव्ह संपल्या, पटावर एक जेली उरली, आणि डोळ्यांसमोर मोठं चमकणारं बटण आलं. ते दाबल्यावर पैसे जातात हे आठ वर्षांच्या पोराला कळावं अशी काही खूण तिथे नसते. त्या बटणावर सोन्याच्या विटा, म्हणजे खेळातलं चलन दिसतं, रुपये दिसत नाहीत. मला या मांडणीचा मनापासून राग आहे.

पैशांचं असं : अँड्रॉइडवर गूगल प्लेमधून खरेदी झाली असेल तर ४८ तासांच्या आत तिथेच परताव्याची मागणी करता येते. तो वेळ उलटला असेल तर गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहावं लागतं. बिलाचा ईमेल शोधा, त्यातला ऑर्डर क्रमांक द्या, मूल अल्पवयीन आहे हे स्पष्ट लिहा. मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण लिहा. आणि आजच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीआधी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय चालू करा. ठसा फक्त तुमचा ठेवा. पुष्कळ घरांत मुलाचाही ठसा फोनमध्ये घातलेला असतो, तो काढा.

बंदीबद्दल गैरसमज खूप आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेनं खेळायच्या खेळांवर बंदी घालतो. गोळ्यांच्या खेळात पैसे जिंकायचे नसतात, नुसते जातात. त्यामुळे तो त्या बंदीत येत नाही. राखण आपल्यालाच करायची आहे.

प्रश्न : ताई, सासूबाई ७२ वर्षांच्या. मामंजी गेल्यापासून रात्री दीड-दोनपर्यंत पुढच्या खोलीत दिवा बंद करून हा गेम खेळतात. सकाळी उठवत नाही, पूजा राहते, मग दिवसभर स्वतःवरच चिडतात. मी काही बोलले की ‘तुमचं काय घेते मी?’ म्हणतात. माझे मिस्टर म्हणतात फोनच काढून घेऊ. मला ते बरं वाटत नाही. काय करू? (लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : तुम्हाला बरं वाटत नाही ते अगदी योग्य आहे. फोन काढून घेऊ नका. तुमच्या मिस्टरांनाही हे उत्तर वाचून दाखवा.

रात्रीच्या त्या वेळी त्यांच्याकडे काय असतं बघा. शेजारची जागा रिकामी. झोप नाही. घर झोपलेलं, कुणाला उठवायचं नाही. अशा वेळी हा खेळ एक छोटं काम हातात देतो, ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि दोन मिनिटांत ते पुरं होतं. हात गुंततात, डोळे गुंततात. इतक्या वर्षांचा संसार संपल्यावर हातात काही पुरं होण्याची ही गरज फार खरी आहे. ती काढून घेतली तर रात्र तेवढीच लांब राहील, फक्त रिकामी होईल.

पण खेळ त्यांना धरून ठेवतो हेही खरं, आणि कसा ते तुम्हाला माहीत असायला हवं. जिंकल्यावर माणूस सहज थांबतो. हरल्यावरही एक वेळ थांबतो. थांबवत नाही ते थोडक्यात हुकल्यावर. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये याच खेळावर अभ्यास प्रसिद्ध केला. एक-दोन चालींनी लेव्हल हुकली की खेळणाऱ्याचा वैताग सगळ्यात जास्त असतो आणि पुन्हा खेळायची ओढही तेव्हाच सगळ्यात जास्त असते, असं त्यांना दिसलं. वैताग आणि ओढ एकाच वेळी! ‘एकच जेली राहिली’ हे वाक्य घराघरांतून ऐकू येतं ते यामुळे. त्यात या खेळात पाच लाइफ मिळतात. लेव्हल हरली की एक जाते, आणि अर्ध्या तासाला एक भरते. झोप नसलेलं माणूस त्या अर्ध्या तासासाठी जागं राहतं. सासूबाई हट्टी आहेत असं समजू नका.

आता करायचं काय. त्यांना समजावण्याआधी त्यांच्याकडून शिका. संध्याकाळी चहा झाल्यावर जवळ बसा आणि म्हणा, ‘अहो आई, मला ही लेव्हल कशी खेळायची ते दाखवा.’ आमच्या रामबागेत एका घरी सासू-सुना असा खेळ खेळतात, मी स्वतः बसून पाहिला आहे. फोन सासूच्या हातात, चाल सुनेनं सांगायची. नियम एकच : बोट लावण्याआधी ‘का’ ते सांगायचं. ‘हा लाल इकडे घेतला तर खालचा निळा सुटतो आणि पुढच्या चालीला चारची ओळ लागते.’ सासू म्हणते, ‘अगं पण मग तो पिवळा बिघडतो ना.’ मग दोघी पदर सावरून पुन्हा पटावर वाकतात. एक लेव्हल अर्धा तास चालते. मी बघत होते त्या दिवशी लेव्हल सुटली नाही, आणि दोघींपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. सासूबाई त्यात सुनेला मामंजींच्या बुद्धिबळाबद्दल सांगत होत्या. मला तो खेळ फार आवडला. घाईनं बोट फिरवण्यात जे हरवतं ते सगळं त्यात परत येतं.

रात्रीसाठी त्यांच्याशी करार करा, हुकूम नको. पाच लाइफ संपल्या की फोन पुढच्या खोलीतच चार्जिंगला राहील आणि त्या आत झोपायला येतील. ‘तुमच्या लाइफ भरल्या’ अशी सूचना पाठवून हा खेळ हाक मारतो, ती सूचना त्यांना विचारून बंद करा. दिवा बंद करून खेळू नका म्हणावं, तो लावलेलाच बरा. आणि शनिवारी एखाद्या रात्री त्यांना सराफ्यात न्या. सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याचे ठेले लागले की तिथे मध्यरात्रीनंतरही जाग असते. झोप येत नाही ना, मग माणसांत जागू द्या. थंडीत गरम गराडू, एरवी भुट्ट्याचा कीस. मामंजींबरोबर त्या तिथे गेल्या असतील तर बोलतीलही.

झोपेची तक्रार महिना-दोन महिन्यांत कमी झाली नाही, किंवा जेवणावरची वासना गेलेली दिसली, तर डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवताना खेळाबद्दल नाही, झोपेबद्दल आणि दुःखाबद्दल बोला. ‘गेमचं व्यसन’ हा शब्द घरात वापरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंगचा विकार आहे हे खरं, पण त्यासाठी स्वतःवरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं, असं सगळं लागतं. तुमच्या पत्रात मला त्यातलं दिसतं त्यापेक्षा एकटेपण जास्त दिसतं.

तुम्ही मला पुन्हा लिहा. अंकात छापणार नाही, पण उत्तर देईन.

प्रश्न : आजी, पटावर एकही मूव्ह उरली नाही तर आपण हरतो का? आणि हा खेळ शोधला कोणी? मी पाचवीत आहे. (दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर : नाही रे राजा, सहसा हरत नाही. कँडी क्रशमध्ये खेळच सगळ्या गोळ्या पिसून पुन्हा मांडतो आणि त्याची मूव्ह तुझ्या खात्यातून जात नाही.

एका माणसानं शोधला असं नाही. १९८५ मध्ये जपानात कुनिआकी मोरिबे यांनी ‘चेन शॉट’ नावाचा खेळ केला, त्यात एका रंगाचे शेजारचे ठोकळे एकत्र काढायचे होते. शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करून तीन जुळवायच्या, हे रशियातल्या येवगेनी अलेमझिन यांच्या १९९४ च्या ‘शारिकी’मध्ये आलं. मग २००१ मध्ये रत्नांचा ‘बिज्वेल्ड’ आला, आठ बाय आठच्या पटावर. कँडी क्रश २०१२ चा, म्हणजे तुझ्यापेक्षा थोडाच मोठा. तो बनवणारी किंग ही कंपनी २०१६ मध्ये ५९० कोटी डॉलरला विकली गेली.

आता तू एक काम कर. चौकटीच्या वहीत नऊ बाय नऊचा पट आख आणि स्वतःची लेव्हल बनव. कुठल्या घरात जेली ते पेन्सिलनं छायांकित कर, गोळ्या स्केचपेननं रंगव. वर लिही : रंग किती, मूव्ह किती. आधी आईला सोडवायला दे. तिला सुटली नाही तर मूव्ह दोननं वाढव, लगेच सुटली तर एक रंग वाढव. मग फोटो काढून संपादकांच्या नंबरवर पाठव. पुढच्या अंकात छापू आणि वाचकांना सोडवायला देऊ.